भोजन व अनुषंगिक कामे

अड्याळच्या कोष्टीपुऱ्यात कुणाकडे बारसं असो, तेरवी असो, की पोरगी बघायला पाहुणे येवोत, तांदूळ निवडायच्या आधी दामिनी हेडाऊला बोलावणं जायचं. "तुझ्या हाताले चव आहे वं," असं म्हणून बायका तिला चुलीपाशी बसवत आणि आपण पाहुण्यांत जाऊन बसत. पंगत उठली की हाताच्या चवीची तारीफ व्हायची. त्या हाताच्या मालकिणीला दोन घास खाऊन घे म्हणायचं मात्र राहूनच जायचं. असं अर्धं आयुष्य काढल्यावर दामिनीच्या मनात एक खोली भरली.

खोली काही फार मोठी नव्हती. गावाच्या टोकाला एका सरकारी कार्यालयाचं सभागृह होतं, त्याला लागून असलेली पत्र्याची खोली. आत एक मोडकी सायकल आणि उंदरांनी अर्धी वाचलेली माहितीपत्रकं. (कार्यालयाचं नाव इथे घ्यायला नको. माणसं चांगली होती, आणि आता बदलून गेली आहेत.) त्या खोलीत कॅन्टीन काढायची, चहा-नाश्ता-जेवण, आणि दाराला आपलं कुलूप, असं दामिनीने ठरवलं आणि बचत गटातल्या बायकांना सांगितलं. गटातली तुळसा रामटेके सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "वर पत्रे आहेत न ताई? बस मंग." तुळसाचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोवणी करण्यात गेला होता. चिखलाशी तिचं काही भांडण नव्हतं. गुडघ्यांचं होतं.

दोघी कार्यालयात गेल्या. तिथले सेवकराम बाबू मूळचे वर्ध्याकडचे, बोलायला गोड. "खोली देऊ न, कोण नाही म्हणते? पण आधी एखादं काम करून दाखवा लागते. काम समाधानकारक केल्याचा दाखला फाईलले लावला, का खोली तुमची."

"मंग द्या काम," दामिनी म्हणाली.

"आहे न. दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या गटांच्या बायांचं प्रशिक्षण आहे. जेवणाचं तुम्ही पाहा. रीतसर करारनामा करून टाकू."

करारनामा! दामिनीचे पाय जमिनीला लागेनात. आजवर तिच्या स्वयंपाकावर लोकांनी ढेकर दिले होते, कागद कुणी दिला नव्हता. तो वाचायला घरी आणला आणि देव्हाऱ्यापुढे ठेवून मगच उघडला. बाकी सगळं नेहमीचं होतं, पण "कामाची व्याप्ती" अशा मथळ्याखाली एकच ओळ होती: "भोजन व अनुषंगिक कामे."

भोजन कळलं. पुढचं कळेना. दुसऱ्या दिवशी तिने बाबूंनाच विचारलं, तर ते हसले. "काही नाही जी. लिहा लागते. झाडूच्या ठेक्यातही तेच, विहिरीच्या ठेक्यातही तेच. आमचा नमुनाच तसा आहे."

शेजारी पुंडलिकराव होते. तहसिलीतून ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातली तहसील निवृत्त झाली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाले, "जेवण म्हटलं की मीठ येतं, लोणचं येतं, हात धुवायचं पाणी येतं. ते अनुषंगिक."

"एवढंच?"

"सूनबाई, कायद्याचा शब्द आहे. यापेक्षा जास्त काय असणार त्यात?"

नवरा संजीव पतसंस्थेत कारकून. कागदांची भीती त्याला राहिली नव्हती. "सरकारी कागदातले अर्धे शब्द जागा भराले असतात दामिनी. सही कर आणि जेवाले वाढ."

दामिनीने सही केली. साक्षीदार म्हणून तुळसाने केली. सही करताना ती त्या ओळीकडे बघत राहिली. "ताई, थो मोठा शब्द मले धानाच्या बांधीतल्या खेकड्यासारखा दिसून राहिला. पाय बम आहेत त्याले."

खेकड्याचा पहिला पाय आठ दिवसांत बाहेर आला. सेवकराम बाबू लुनावरून खाली न उतरताच म्हणाले, "ताई, सतरंज्यांचं काय केलं?"

"कोणत्या सतरंज्या?"

"बाया काय उभ्यानं जेवतीन? बसायची व्यवस्था अनुषंगिक आहे."

त्यात चूक काढता येईना. सतरंज्या तुळसाने विहारातून मागून आणल्या. मग पाणी आलं, कारण जेवणाला पाणी लागतं आणि सभागृहाच्या नळाला पावसाळ्यापासून पाणी नव्हतं. मग नळ दुरुस्त करणारा आला, कारण पाण्याला नळ लागतो. मग सभागृहाची साफसफाई आली, कारण घाणीत कोण जेवतं? बाबूंची ही तर्काची साखळी इतकी घट्ट होती की दामिनीला वाटे, हा माणूस वकील व्हायचा तो चुकून बाबू झाला.

मोठी भांडी हवी होती. ती कोष्टी समाजाच्या भांडारात होती, आणि समाजाचे सचिव होते पुंडलिकराव. दामिनी निर्धास्त गेली. पण सचिवाच्या खुर्चीवर बसलेले पुंडलिकराव तिला ओळख दाखवेनात.

"भांडी फक्त मंगलकार्याला मिळतात. नियम आहे."

"काका, तुम्हीच तर म्हणाले होते का मीठ-लोणचंच येते त्यात."

"ते शेजारी म्हणून म्हणालो होतो. आता मी सचिव आहे." थोड्या वेळाने त्यांनाच दया आली. "आपण असं करू, मंगलकार्यच लिहू. प्रशिक्षण हे काही अमंगल नाही."

वहीत रकाने ठरलेले होते आणि पुंडलिकरावांनी उभ्या जन्मात रकाना कोरा सोडला नव्हता. त्यांनी लिहिलं: "कार्य: मंगल. वरपक्ष: शासन. वधूपक्ष: सौ. दामिनी संजीव हेडाऊ." संध्याकाळी संजीव हंडे आणायला गेला तेव्हा त्याला त्या नोंदीखाली पोच म्हणून सही करावी लागली. तो दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही.

स्वागतगीताचा पाय सगळ्यात लांब निघाला. जेवणाआधी कार्यक्रम, कार्यक्रमाआधी कार्यालयाच्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन, उद्घाटनाआधी स्वागतगीत, म्हणजे स्वागतगीत झाल्याशिवाय जेवण होऊच शकत नाही, म्हणजे ते जेवणाला अनुषंगिक. दामिनीने तुळसाला विचारलं, गाणी येतात का. तुळसा म्हणाली, रोवणीची येतात, जात्यावरची येतात, बाबासाहेबांची येतात. साहेबाचं एकही येत नाही. शेवटी रोवणीच्याच चालीत साहेबांचं नाव बसवायचं ठरलं. साहेबांचं आडनाव लांब होतं. ते बसवताना तिसऱ्या ओळीत गायीसारखं हंबरावं लागायचं.

एवढं सगळं होईपर्यंत तारीख कळली नव्हती. कळली तेव्हा दामिनी मटकन खाली बसली. तो अड्याळच्या मंडईचा दिवस होता.

झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. इथे दिवाळी झाली की एकेक गाव आपापल्या दिवशी मंडई भरवतं. दंडारी नाचतात, खेळण्यांची आणि खाऊची दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, जावयांचे भाऊ येतात, भावांचे मित्र येतात. गावात पाऊल टाकलेला माणूस त्या दिवशी सगळ्या गावाचा पाहुणा. त्याला "का आलात?" विचारायचं नसतं. पान मांडायचं असतं.

दामिनी धावत कार्यालयात गेली. "बाबू, तारीख बदलवा. त्या दिवशी मंडई आहे."

"म्हणून तर ठेवली. साहेबांच्या मॅडमले मंडई पाहायची आहे."

"अहो, पण बम लोक येतीन!"

"यादी आहे न आपल्यापाशी. यादीतल्यांले वाढा, बाकीच्यांले नाही म्हणा."

बाबू वर्ध्याकडचे, त्यांना काय सांगणार? मंडईच्या दिवशी जेवायला टेकलेल्या माणसाला "तुमचं नाव यादीत आहे काय?" असं विचारणारी बाई अड्याळात अजून जन्मायची होती. आणि ती आपण व्हावं अशी दामिनीची छाती नव्हती.

मंडईचा दिवस उजाडला. लाखनीच्या बाया आल्या, लाखांदूरच्या एसटीने आल्या. त्या यादीत होत्या. मागून एक काळीपिवळी जीप आली, तिच्यातून सालेकशाच्या बाया उतरल्या, आणि पाठोपाठ आमगावच्या. दामिनीने बाबूंकडे पाहिलं. सालेकसा-आमगाव तर गोंदिया जिल्ह्यात गेलेले! भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन चार-साडेचार वर्षं झाली होती. वाटणीत टेबलं तिकडे गेली, कपाटं गेली, काही बाबूही गेले. पत्त्यांचं रजिस्टर कुणी न्यायचं हे मात्र ठरलंच नाही, म्हणून ते इथेच राहिलं, आणि निमंत्रणं जुन्या, अखंड जिल्ह्याला गेली.

सालेकशाच्या बायांतली वडीलधारी पार्वताबाई हात जोडून म्हणाली, "आमी आता तिकडचे झालो हे मालूम आहे जी. पण पत्र आलं. मंडईच्या दिवसाचं पत्र आलं तर कसं नाही यावं?" यादीत तिचं नाव होतं की नाही कुणास ठाऊक. मागे मात्र तिची सून होती, सुनेची आई होती आणि जिच्यात कुणी बसायचं राहिलं नव्हतं अशी जीप होती.

दामिनी म्हणाली, "या न, या. पाय धुवा."

एवढ्यात संजीव त्याच्या बहिणीला, जावयाला आणि जावयाच्या मित्रांना घेऊन आला. "घरी सैपाकच नाही केला तू. म्हटलं इथंच होऊन जाऊ दे." मागून पुंडलिकराव सहकुटुंब आले. समाजाची भांडी नीट वापरली जाताहेत की नाही हे पाहणं सचिवाचं कर्तव्य होतं, आणि ते जेवल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. वऱ्हाडी वाढत गेले. पुंडलिकरावांच्या नोंदीत खोट काढायला आता जागा राहिली नाही.

तुळसाने भाताच्या हंड्यात डोकावून पाहिलं. मग वरणाच्या हंड्यात आणखी पाणी टाकलं.

स्वागतगीत झालं. तिसऱ्या ओळीला साहेब दचकले. मॅडमना बांगड्यांचं दुकान पाहायचं होतं, गटातली एक बाई त्यांच्यासोबत गेली. सालेकशाच्या बायांची लेकरं रडत होती, दुसरी बाई त्यांना घेऊन बसली. माईक दंडारवाल्यांकडून आणला होता, तो त्यांना मधूनमधून लागायचा, म्हणून तिसरी बाई माईक घेऊन जा-ये करत होती. चुलीपाशी दामिनी आणि तुळसा उरल्या. तेवढ्यात सेवकराम बाबू घामाघूम होऊन मागच्या दाराने आले.

"ताई, वक्ते नाही आले."

"मंग?"

"भंडाऱ्याचे वकीलसाहेब होते. गावात आले म्हणे, पण वाटेत एका पक्षकारानं जेवाले बसवलं. तिथून उठले तर दुसऱ्यानं बसवलं. आता उठता येऊन नाही राहिलं त्यांले."

"मी काय करू?"

बाबूंनी आधी मंचाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या पाहण्यातच दामिनीला सगळं कळलं. ती मागे सरकली, तुळसावर आपटली. "नाही! भाषण कसं अनुषंगिक होईन?"

"भाषणाबिगर प्रशिक्षण नाही, प्रशिक्षणाबिगर जेवण नाही," बाबू अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "आणि साहेबांले आता काही दिसलं नाही, तर दाखला तरी कायचा देतीन? खोली तुमचीच जाईन ताई."

खोलीचं नाव निघालं तसा दामिनीचा विरोध संपला. "विषय तरी काय आहे?"

बाबूंनी पत्रिका पाहिली. "व्यवहारातले करारनामे. कामाची व्याप्ती कशी ठरवावी."

तुळसा एवढ्या जोरात हसली की तिच्या हातून झारा पडला.

दामिनी पदराला हात पुसत मंचावर गेली. समोर सगळा जुना जिल्हा बसला होता, कडेला नणंद, जावई आणि सचिव. तोंडातून शब्द निघाले ते तिचे तिलाच नवे होते.

"बायांनो, मले काही येत नाही. पण एक सांगतो. काम घ्याल तर काय करू हे लिहून घ्या. आणि काय नाही करू, हेही लिहून घ्या. एक न कळणारा शब्द असन, तर सही नका करू. 'काही नाही, लिहा लागते' असं कोणी म्हटलं, तर त्याले म्हणा, काही नाही तर मंग खोडून टाक! मोघम नका लिहू बायांनो. मोघमात आपणच सापडतो. घरी सासूनं काय लिहून देल्लं होतं? 'सैपाकाचं पाहा' म्हणे. त्या पाहण्यात काय काय आलं, तुम्हाले सांगा लागते काय?"

बायांमधून एक लाट गेली. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी "हाव वं बाई" म्हणालं. पार्वताबाई उठून उभी राहिली आणि आपण गटातर्फे शाळेची खिचडी शिजवता शिजवता शाळेची घंटाही कशी वाजवायला लागलो, हे सांगू लागली. मग लाखनीची एक उठली. मग लाखांदूरच्या तिघी एकदम. साहेब वहीत लिहून घेऊ लागले. दामिनीला वाटलं, आपण इथे उभ्या आहोत आणि लोक आपलं ऐकताहेत, हे बरं वाटतं.

तेवढ्यात तिच्या नाकाला वास आला.

तो वास तिने आयुष्यात कधी आपल्या चुलीवरून येऊ दिला नव्हता. ती धावली. तुळसा माईकच्या भांडणात गेली होती. दंडारवाले या खेपेला माईक द्यायलाच तयार नव्हते. हंडा एकटाच होता. भात खालून करपला होता आणि वरून कच्चा होता.

तो सगळ्यांनी खाल्ला. मंडईचा पाहुणा नावं ठेवत नाही. पण नणंद हळूच म्हणाली, "वैनी, आज काहून असं झालं वं?" आणि त्या एका "काहून"ने दामिनीचे डोळे भरले. अड्याळच्या कोष्टीपुऱ्यात दामिनी हेडाऊचा भात करपला, ही बातमी दंडारीच्या आधी गावभर फिरली.

साहेबांनी अहवाल लिहिला. सेवकराम बाबूंनी तो दामिनीला वाचून दाखवला. "आसनव्यवस्था उत्तम. स्वागतगीत भावपूर्ण. मार्गदर्शन उत्कृष्ट, बोधप्रद. भोजन: साधारण, भात करपलेला."

"म्हणजे दाखला नाही?"

"तोच पेच आहे न. अनुषंगिक कामं उत्कृष्ट, आणि मुख्य काम साधारण. असं आमच्या नमुन्यात बसत नाही." फाईल वर गेली. वरून भंडाऱ्याला गेली. भंडाऱ्याने विचारलं, गोंदिया जिल्ह्यातल्या बायांनी खाल्लेला भात कोणत्या जिल्ह्याचा धरायचा? दामिनी रोज त्या पत्र्याच्या खोलीवरून जायची आणि मान वळवायची नाही. बारशांना तिला बोलावणं येईनासं झालं. आलं तरी बायका म्हणायच्या, "राहू दे वं दामिनी, तू आता भाषणवाली झाली." संजीव जेवताना भाताची फार तारीफ करायचा. ती ऐकून तिला जास्तच रडू यायचं.

थंडी पडली तेव्हा निरोप आला. दोघी गेल्या. सेवकराम बाबू प्रसन्न होते.

"झालं काम! साहेबांनी अहवालाच्या आधारावर कॅन्टीनचा करार मंजूर केला. आणि ताई, तुमचं भाषण साहेबांले लय पटलं बरं काय. म्हणे, मोघम काही लिहू नका, सगळं फोडून लिहा. तो शब्दच काढून टाकला." त्यांनी कागद पुढे केला. कामाची व्याप्ती आता एका ओळीची नव्हती, दोन भरगच्च पानांची होती. टाईपही नवा होता.

दामिनीने वाचायला सुरुवात केली. आसनव्यवस्था करणे. सभागृह झाडणे. पाण्याची व नळाची काळजी घेणे. पाहुण्यांचे स्वागतगीत म्हणणे. सोबत आलेल्या लहान मुलांना सांभाळणे. मान्यवरांच्या कुटुंबीयांना बाजार दाखवणे. ध्वनिक्षेपकाची ने-आण करणे. वक्ते न आल्यास मार्गदर्शन करणे. शेजारील जिल्ह्यातून अनवधानाने आलेल्यांची सोय करणे. सगळं अगदी स्पष्ट होतं, न कळणारा एकही शब्द नव्हता.

तिने दुसरं पान पाहिलं. परत पहिलं पाहिलं. मग तुळसाने बोट लावून लावून दोन्ही पानं पाहिली.

"बाबू," दामिनी म्हणाली, "ह्यात सैपाक कुठं आहे?"

बाबूंनी कागद घेतला. वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"सैपाक तर तुम्ही करालच न ताई! थे काय लिहा लागते?"

बाहेर त्या पत्र्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटत होतं. आतून सायकल काढलेली होती, खोली झाडलेली होती. फक्त सही व्हायची होती.

दामिनीने पेन मागितला. बाबूंनी सहीची जागा दाखवली. तिकडे न जाता ती पहिल्या पानावर गेली, आणि पहिल्या ओळीच्या वर जी एवढीशी जागा होती तिथे, तिरकं का होईना पण ठळक, तिने लिहिलं: "स्वयंपाक करणे."

"अहो! अहो ताई!" बाबू उभेच राहिले. "हाताने लिहिलेलं चालत नाही! रद्द झाला न हा! आता परत टाईप, परत साहेब, परत भंडारा. संक्रांत जाईन. होळीही जाईन."

"जाऊ द्या."

"खोली दुसरा कोणी नेईन ताई!"

तरी ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर जाऊन बसली. तुळसाही गुडघे सांभाळत शेजारी टेकली. दोघी त्या आपटणाऱ्या दाराकडे बघत राहिल्या.

आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, "अरे, कोणी चहाचं पाहा रे!"

दामिनी सवयीने उठायला गेली. तुळसाने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

"बसा ताई. करार व्हायचा आहे अजून."